सोमवार, बुधवार, शुक्रवार

पहाटे पाचला चिलिकोथीत धुकं असतं
आणि मी सुया मोजत असते.
गावाच्या नावात चिली आहे खरी,
पण मिरचीशी तिचं काही नातं नाही,
हे मला पहिल्याच दिवशी तिघांनी तीनदा सांगितलं.

चार नंबरला हॉलिस. टेक्सासचा, लबकजवळचा.
पन्नास वर्षं ओहायोत काढली, जीभ अजून तिकडेच.
सुईसाठी दंड पुढे करत म्हणतो,
"चिलीत बीन्स घालणारा माणूस
उद्या कॉफीत बटाटा घालेल."

पाच नंबरला रुथॅन केसलर, सिनसिनाटीची,
शाळेत भूमिती शिकवून निवृत्त.
तिच्या चिलीत दालचिनी, लवंग, नखाएवढं चॉकलेट,
आणि ते सगळं स्पॅगेटीवर.
वर चीज इतकं, की खालचं काही दिसू नये.
"दिसू नये तेच बरं," हॉलिस म्हणतो.

सहा नंबरला युफेमिया बाका, न्यू मेक्सिकोची.
ती फारसं बोलत नाही.
"हिरवी," एवढंच म्हणते, डोळे मिटून,
जसं कुणी माहेरचं गाव सांगावं.

मशीन फिरतं. रक्त बाहेर, रक्त आत.
चार तास.
तिघांनाही टोमॅटो बंद, चीज बंद,
मीठ चिमटीच्या निम्मं,
पाणी मोजून.
बीन्सही बंद.
डॉक्टरांचा हा एवढाच हुकूम हॉलिसने आनंदाने पाळला.
तो कागद त्याने फ्रिजवर लावलाय,
खाली डाएटिशियनची सही घेतलीय,
पुरावा म्हणून.

म्हणजे भांडण सगळं हवेतल्या पातेल्यावरचं.
तरी जिरं आधी की मांस आधी, यावरून
परवा हॉलिसचं प्रेशर वीसने चढलं
आणि मला मध्ये पडावं लागलं.

"तूच सांग," रुथॅन म्हणाली,
"तुमच्याकडे पिकते ना मिरची?"

पिकते.
नंदुरबारला हिवाळ्यात पथारीवर
लालच लाल, नजर जाईल तिथवर.
लोक एसटीच्या काचा ओढून घेतात,
तरी स्टँड येईस्तोवर अख्खी गाडी खोकत असते.
माझी आई तिथली. सासूबाई वाईच्या.
रश्श्यात गुळाचा खडा पडावा की पडू नये
यावर दोघी माझ्या लग्नात बोलायला लागल्या
त्या अजून, व्हॉट्सॅपवर, थांबलेल्या नाहीत.

हे सांगितलं, तर रुथॅन म्हणाली,
"गूळ? बाई शहाणी आहे."
हॉलिस म्हणाला,
"तुझी आई टेक्सासची दिसते."
युफेमियाने एक डोळा उघडला.
"पण लाल?"

फेब्रुवारीत रुथॅनला किडनी मिळाली.
कोणाची, ते सांगत नाहीत.
एप्रिलमध्ये ती आली, तोंडाला मास्क,
हातात डबा नाही, काही नाही.
आणून उपयोग नाही, हे तिच्याइतकं कोणाला माहीत.
चार नंबरपाशी उभी राहिली.
"काल खाल्ली. वाडगाभर. टोमॅटोसकट."

हॉलिस बराच वेळ नळीकडे बघत राहिला.
मग म्हणाला, "बीन्स?"
"भरपूर."
"मग ती चिली नव्हती.
तुझं अजून खायचं राहिलंय."

मास्कखाली तिचं काय झालं, मला दिसलं नाही.
सहा नंबरच्या मशीनने शिट्टी दिली, मी तिकडे गेले.

पाच नंबरला आता एक ट्रक ड्रायव्हर असतो.
तिशीचाही नसेल,
टोपी भुवयांपर्यंत ओढून, गप्प.
पहिल्या दिवशी सुई बघवेना म्हणून
त्याने मान वळवली,
तर हॉलिस त्याच्याकडेच टक लावून बसला होता.

"पोरा," म्हणाला, "एक सांग मला."

युफेमियाने डोळे आधीच मिटून घेतले होते.